डुक्कर फियाट आणि आठवी ब



संयोजकांनी मला विषय दिलाय 'निवृत्तीनंतरचे छंद' आणि वेळ दिलाय दहा मिनिटं. छंद म्हणावा असं माझ्याकडे काही नाही. म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही मित्र मुंबईला जुन्या गाड्यांची रॅली बघायला गेलो होतो, त्याबद्दल बोलतो. नावं घेणार नाही. मंडळी समोरच बसली आहेत आणि माईक माझ्या हातात आहे. एकाला डॉक्टर म्हणतो, दुसऱ्याला बँकवाला.

सुरुवात डॉक्टरपासून झाली. त्याच्या वडिलांची प्रीमियर पद्मिनी ठाण्याला त्याच्या सोसायटीत बरीच वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, तेव्हा पेपरातले फोटो बघून ह्याला उमाळा आला. गाडी टो करून कुर्ल्याच्या एका गॅरेजात नेली. तिथल्या मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, आत बघितलं, मग ह्याच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाला, "वडिलांचा दवाखाना सांगलीत गावभागात होता ना रे तुझ्या?"

आता काहींच्या लक्षात आलं असेल. नववीत दिवाळीच्या सुट्टीनंतर जो फारसा टिकला नाही, तो. शाळा सुटल्यावर तो मामाकडे कुर्ल्याला गेला. तेव्हा प्रीमियरचा कारखाना कुर्ल्यातच होता, फियाटचं काम येणाऱ्याला तिथे उपाशी राहायची भीती नव्हती. तेव्हापासून तो तिथेच आहे.

एका गिऱ्हाइकाची जुनी फियाट त्यानं रॅलीसाठी तयार केली होती. "रविवारी या," एवढंच म्हणाला. शुक्रवारी रात्री मी आणि बँकवाला सांगलीहून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं निघालो. प्रवासाबद्दल इतकंच सांगतो, की बँकवाला घोरतो.

रविवारी सकाळी हॉर्निमन सर्कलला गाड्या ओळीनं लागल्या होत्या. रोल्स रॉइस, ब्यूक, आपल्या डोक्याएवढे दिवे असलेल्या. गर्दी तिकडेच. आमची फियाट कडेला होती. १९५४ पासून आपल्याकडे प्रीमियरनं जी ११०० जोडायला सुरुवात केली, त्यातली. गोल पाठ, पुढे आलेलं नाक, म्हणून आपल्या लोकांनी तिला 'डुक्कर फियाट' नाव ठेवलं. पुढची दारं उलटी उघडतात, बिजागरी मागे. गिअर स्टिअरिंगखाली. इंजिन १०८९ सीसीचं. आजच्या एखाद्या मोटरसायकलचंही त्याहून मोठं असतं.

मालक टोपी घालून गाडीसमोर फोटो देत होते. माणूस चांगला. कुणी काही विचारलं की म्हणायचे, "मिस्त्रींना विचारा." आणि मिस्त्री, म्हणजे आपला मित्र, पांढऱ्या स्वच्छ शर्टात मागे उभा, हातात फडकं. त्यानं आम्हाला सगळं दाखवलं. तळाचा पत्रा गंजून गेलेला, तो कापून नवा ठोकून बसवला होता. गिअरच्या दांड्याचे बुश झिजले की तो दांडा नुसता हलत राहतो, गिअर सापडत नाही. ते बुश बाजारात मिळत नाहीत, ह्यानं लेथवर करून घेतले. काच खाली करायचं एक हँडल चोरबाजारात चौथ्या खेपेला मिळालं. ह्या कामाला पावणेदोन वर्षं लागली म्हणाला. मी विचारलं, पैसे किती सुटले? तो हसला.

गाड्या निघाल्या. आम्ही फूटपाथवरून चालत. उन्हं चढलेली, रांग मुंगीच्या पावलानं सरकत होती, आणि पुढच्या चौकात आमचं डुक्कर बसलं. मालक घामाघूम, मागून हॉर्न. आपला मित्र शांत. बॉनेट उघडलं, हात मागे केला, म्हणाला, "पाणी." बँकवाल्यानं बिसलेरी दिली. फडकं भिजवून त्यानं पेट्रोल पंपावर ठेवलं. पंप इंजिनाला चिकटूनच असतो. गाडी रखडली की तो तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि वाफ काही पंपाला ओढता येत नाही. थंड करायचं आणि थांबायचं, दुसरा उपाय नाही. सर, तुम्ही नववीत बाष्पीभवन शिकवलंत, मला पैकीच्या पैकी होते. पण ते मला कळलं त्या चौकात.

दहा मिनिटांनी तो आत बसला, दुसरा गिअर टाकला आणि ओरडला, "ढकला रे!" साठी ओलांडलेले तिघं आम्ही ढकलायला लागलो. डॉक्टर स्वतःची नाडी बघत होता. गाडी सुरू झाली आणि आम्हाला तिथेच सोडून गेली.

संध्याकाळी फोर्टात चहाला बसलो, तेव्हा मी विषय काढला. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नववीत मी मॉनिटर होतो. हा गैरहजर का, असं सरांनी विचारल्यावर "एसटी स्टँडसमोरच्या गॅरेजात असतो" हे मीच सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सरांनी त्याला भर वर्गात उभं केलं. त्यानंतर तो आला नाही. त्याचे वडील त्या पावसाळ्यात गेले होते. सरांना ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि तेवढंच मी सांगितलं नाही.

तो म्हणाला, "गॅरेजात होतो, ते खरंच होतं की. तू नसतं सांगितलंस तरी शाळा सुटणारच होती." मला हलकं वाटायला लागलं, तेवढ्यात पुढे बोलला, "पण पंचवीस वर्षांचा मेळावा केलात ना तुम्ही? २००५ ला? ती स्मरणिका मी चुलतभावाकडे बघितली. आठवी ब चा फोटो छापलाय. माझ्या जागी खाली लिहिलंय, 'ओळख पटली नाही'. अरे, शेजारी तूच बसलायस."

तो मजकूर मी लिहिला होता. चहा गार झाला, कुणी काही बोललं नाही. मग त्यानंच बिल दिलं, आम्हाला देऊ दिलं नाही.

परत आल्यावर बँकवाल्यानं हिशेब मांडला. आपण दर वेळी निमंत्रणाची यादी १९८० च्या एसएससीच्या निकालावरून करतो. पास झालेल्यांना पत्र जातं, गेल्या वेळी व्हॉट्सॲप गेलं. मध्येच शाळा सुटलेल्यांना काहीच जात नाही. ह्या वेळी यादी आठवीच्या हजेरीपटावरून केली. नऊ नावं वाढली. त्यातले चौघं सापडले, दोघी-तिघांचा पत्ता अजून चाललाय, दोघं वारले.

चौघांतला एक मागच्या ओळीत बसलाय. मघाशी नाश्त्याच्या वेळी काहींनी त्याला केटररचा माणूस समजून चहा मागितला, आणि त्यानं आणूनही दिला. कुणी मागितला, ते मी बघितलंय.

तो फोटो मोठा करून दाराशी लावलाय. तिसऱ्या रांगेत डावीकडून दुसरी मुलगी आणि अगदी उजवीकडचा, शर्टाचं वरचं बटण नसलेला मुलगा, ह्यांची नावं अजून आम्हाला सापडलेली नाहीत. जेवायला जाताना तेवढं बघून जा. बाईंनी तर नक्की बघा, तुम्ही वर्गशिक्षिका होतात.