दुखतंय म्हणजे नेमकं काय होतंय?

(अकादमीच्या वार्षिक व्याख्यानसत्रात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



विषयपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘मराठीतील इंग्रजी शब्द : आजार, भावना आणि दैनंदिन जीवन’ असं छापलं आहे. विषय मोठा आहे. मी त्यातला आजाराचा कोपरा धरून बसणार आहे, कारण तिथे मला स्वतःला ठेच लागली आहे.

काही वर्षांपूर्वी आईला घेऊन मी इंदूरच्याच एका दवाखान्यात गेले होते. आमच्या चार पिढ्या इथे गेल्या, तरी आई दुखण्याचं मराठीतच बोलते. वाटेत रिक्षात ती म्हणाली, “दुखत नाहीये गं, पण छातीत कोंडल्यासारखं होतंय. वर गळ्यापर्यंत आवळत जातं.” आत तरुण डॉक्टर होते, हिंदीभाषक, अतिशय सौजन्यशील. त्यांनी विचारलं, “माताजी को क्या तकलीफ़ है?” आई तोंड उघडणार तेवढ्यात मी म्हणाले, “घबराहट हो रही है।” त्यांनी कागदावर इंग्रजीत ‘अँग्झायटी’ लिहिलं आणि झोपेची गोळी दिली. चौथ्या रात्री आईला दुसऱ्या इस्पितळात अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. दुखणं हृदयाचं होतं. ती वाचली, आज घरी आहे, म्हणून मी हे सांगू शकते.

डॉक्टरांना मी दोष देत नाही. आईच्या वाक्यात तीन गोष्टी होत्या : दुखत नाही, कोंडतं, आणि वर आवळत जातं. साहित्यात डॉक्टरेट मिळवलेल्या तिच्या मुलीने त्या तिन्ही गाळून एक सोयीचा शब्द पुढे केला. आईचं मराठी आधी हिंदीत आणि मग इंग्रजीत गेलं. दर पायरीवर शब्द अधिक भारदस्त होत गेला आणि माहिती कमी होत गेली.

पुढे कुतूहलाने शब्दकोश चाळले तेव्हा एक गोष्ट हाती लागली. ‘अँग्झायटी’ आणि हृदयविकारातला ‘अंजायना’ हे दोन्ही शब्द आवळणं, घुसमटणं अशा अर्थाच्या एकाच प्राचीन मुळाकडे जातात. संस्कृतातला ‘अंहस्’, म्हणजे संकट, कोंडी, हाही त्याच कुळातला. विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने 1768 साली लंडनमध्ये या छातीच्या दुखण्याचं वर्णन वाचलं. त्यात गळा आवळल्यासारखं होतं आणि जीव घाबरा होतो, म्हणूनच हे नाव योग्य ठरेल, असं त्याने म्हटलं होतं. म्हणजे इंग्रजीतही शरीराचं आवळणं आणि मनाचं आवळणं एकेकाळी एकत्र नांदत होतं. नंतर एक शब्द हृदयरोगतज्ज्ञाकडे गेला, दुसरा मानसोपचारतज्ज्ञाकडे. आईचं ‘आवळतं’ मात्र अजून दोन्हीकडचं होतं. डॉक्टरांपर्यंत ते पोचलं असतं, तर त्यांनी पुढचा प्रश्न विचारला असता.

इंग्रजी ही दुखण्याच्या बाबतीत श्रीमंत भाषा आहे, असा आपला समज असतो. व्हर्जिनिया वुल्फ यांचं मत वेगळं होतं. ‘ऑन बीइंग इल’ या 1926 मधल्या निबंधात त्यांची तक्रार अशी की प्रेमात पडलेल्या मुलीला इंग्रजीत हवे तेवढे कवी साथीला मिळतात, पण डोकं दुखणाऱ्या माणसाला डॉक्टरसमोर शब्द सुचत नाहीत. पुढे मॉन्ट्रियलमध्ये रोनाल्ड मेल्झॅक या मानसशास्त्रज्ञाने वेदनेचे शब्द गोळा करून 1975 साली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात 78 विशेषणं आहेत, 20 गटांत मांडलेली. रुग्णाने आपल्याला लागू पडणारी निवडायची. कारण वेगवेगळ्या दुखण्यांचे रुग्ण वेगवेगळे शब्द निवडतात. वेदनेचा शब्द हाही एक तपासणीचा अहवाल असतो.

आता आपल्या आज्यांची भाषा आठवा. गळू पिकलं की ठणकतं. पोटात कळ येते, ओसरते, पुन्हा येते. मुरडा त्याहून वेगळा. कमरेत उसण भरते, पाठीत चमक निघते, पायाला रग लागते. हाताला मुंग्या येतात. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, छातीत जळजळतं. ताप भरण्याआधी कणकण असते, भरताना हुडहुडी, उतरल्यावर ग्लानी. घेरी, भोवळ, अंधारी हे तिन्ही शब्द एकच नाहीत, विचारून पाहा. या शब्दांतले कितीतरी मोल्सवर्थच्या कोशात दीडशेहून अधिक वर्षं नीट बसलेले आहेत. आमच्या वर्गातली मुलं या सगळ्यासाठी ‘पेन होतंय’ म्हणतात आणि थकव्यापासून भोवळीपर्यंत सगळ्याला ‘वीकनेस’. ‘मला बीपी आहे’ हे वाक्य तर मला फार आवडतं. रक्तदाब कुणाला नसतो?

पण इथे मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण ‘इंग्रजीने मराठी बुडवली’ असं भाषण करणं सोपं आहे, आणि या व्यासपीठावर त्याला टाळ्याही पडतात. काही इंग्रजी शब्दांनी बायकांचं भलं केलं आहे. माझ्या आजीच्या घरात मासिक पाळीला ‘कावळा शिवला’, ‘बाहेरची झाली’ असं म्हणत. त्या शब्दांबरोबर कोपऱ्यातलं चटईवरचं बसणं आलंच. आज माझी विद्यार्थिनी ‘सर, पिरियड्स आहेत, पोटात दुखतंय’ असं शिक्षकाला सांगून घरी जाते. परक्या शब्दाला विटाळ चिकटलेला नव्हता, म्हणून तो तिच्या कामी आला. त्या शब्दाची हकालपट्टी करा, असं मी कोणत्या तोंडाने सांगू?

‘डिप्रेशन’चंही थोडं तसंच आहे. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी दुपारी माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, “मॅडम, मला डिप्रेशन आलंय.” घरी सांगितलंस का, विचारलं. म्हणाली, मराठीत सांगितलं तर ‘रडूबाई’ म्हणतात, इंग्रजीत सांगितलं तर निदान डॉक्टरकडे तरी नेतील. हा शब्द तिच्यासाठी दाराची किल्ली होता. पण दार उघडल्यावर आत काय आहे, ते त्या शब्दाने सांगता येईना. मी विचारत राहिले, ती पुन्हा पुन्हा ‘लो वाटतं’ एवढंच म्हणे. शेवटी म्हणाली, “आजी म्हणते, हिचा कशात जीव लागत नाही. अन्न गोड लागत नाही.” निदानाच्या पुस्तकांत या आजाराची जी दोन मुख्य लक्षणं मानतात, त्यांपैकी एक म्हणजे कशातच रस किंवा आनंद न वाटणं. आजीने ते कोणतंही पुस्तक न वाचता ओळखलं होतं. आपण ज्याला सरकारी मराठीत ‘नैराश्य’ म्हणतो, त्यात आशा संपली एवढंच येतं, अन्नाची चव जाणं येत नाही. इथे मला प्रतिशब्द कमी पडलेला दिसतो, आजीचं वाक्य पुरलेलं दिसतं.

मार्क निक्टर या मानववंशशास्त्रज्ञाने 1981 साली दक्षिण कॅनरातल्या स्त्रियांविषयी लिहिताना मांडलं की माणसं आपला त्रास आपल्या समाजात रुळलेल्या रूपांतून व्यक्त करतात, आणि ती समजून घेतल्याशिवाय उपचार अपुरा राहतो. आपल्याकडची रूपं बहुतेक शरीरात राहतात : पोटात गोळा येतो, काळजात धस्स होतं, हातपाय गळतात, डोक्यात तिडीक जाते. शिवाय मराठीत राग ‘येतो’, भीती ‘वाटते’, इंग्रजीत माणूस स्वतःच रागीट किंवा खिन्न ‘असतो’. यावरून दोन्ही समाजांच्या मनोव्यापारांबद्दल मोठे सिद्धांत रचू नयेत, तो मोह भाषेच्या प्राध्यापकांना फार होतो. एवढंच लक्षात ठेवावं की इस्पितळातला फॉर्म दुसऱ्या घडणीच्या वाक्यांतून आलेला असतो आणि त्यातल्या चौकोनात ‘जीव खाली-वर होतो’ बसत नाही.

आमच्या विभागात आता मुलांना एक वही करायला सांगते. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाकडून दुखण्याचे शब्द गोळा करायचे आणि प्रत्येकापुढे प्रतिशब्द न लिहिता एक वाक्य लिहायचं : कुठे, केव्हा, कशासारखं. मुलांना आधी कंटाळा येतो. मग कुणाच्या तरी घरी आजी दोन तास बोलते.

तसली एक वही माझ्याही पर्समध्ये असते. गेल्या महिन्यात आईला तपासणीला नेलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, “दर्द?” आई म्हणाली, “छे, नुसती कणकण.” मी वही उघडली आणि सांगितलं, “बुख़ार नहीं है, पर बुख़ार चढ़ने से पहले बदन जैसे टूटता है, वैसा लग रहा है। दो दिन से, शाम को।” डॉक्टर थांबले. मग त्यांनी ते इंग्रजीत लिहून घेतलं, पूर्ण ओळभर.