धोटा उडाला तर…



इचलकरंजीच्या कुठल्याही पेठेतून जा, मागांचा खडखडाट कानी पडतोच. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी येथे पहिला यंत्रमाग बसविला, आणि पुढे हे गाव 'महाराष्ट्राचे मँचेस्टर' म्हणून ओळखले जाऊ लागले. आता बिनधोट्याचे मागही आले आहेत; तरी धोट्याचे साधे माग अजून चालतात. आज बोलायचे आहे ते या धोट्याविषयी आणि तुमच्या डोळ्याविषयी.

धोटा लाकडाचा, दोन्ही टोकांना धातूची अणकुची. मिनिटाला शंभराहून अधिक वेळा तो ताण्यातून इकडून तिकडे जातो. तुटलेले धागे गुंतले, धोट्याची पेटी ढिली पडली किंवा टोला देणारा भाग झिजला, की तो आपली वाट सोडून बाहेर उडतो. त्याच वेळी कुणी तुटका धागा पाहायला वाकलेला असला, तर टोक थेट चेहऱ्यावर येते.

डोळा ज्या खोबणीत बसलेला आहे ती नरसाळ्यासारखी असते. पुढे रुंद, मागे निमुळती. खोली जेमतेम चार-पाच सेंटिमीटर. पुढची कड मजबूत, पण आतल्या भिंती फार पातळ. नाकाकडची भिंत तर कागदासारखी. तिच्यापलीकडे नाकाच्या बाजूच्या पोकळ्या, म्हणजे सायनस. खाली गालाच्या हाडातली पोकळी. वर पातळ छत, आणि छतावर मेंदू! म्हणून डोळ्याजवळ घुसलेली वस्तू नुसती 'डोळ्याची जखम' समजू नये. बुबुळ शाबूत असेल, आणि टोक मात्र सायनसमध्ये किंवा मेंदूच्या उंबरठ्यावर पोहोचलेले असेल.

फसवणूक होते ती इथेच. पापणीच्या घडीत इवलीशी चीर दिसते, रक्त थांबते, दिसतही असते. मग माणूस म्हणतो, "काय नाही, जरा लागलंय." पण धोट्याची ढलपी आत मोडून राहिली असेल, तर काही दिवसांनी, कधी महिन्यांनीसुद्धा, सूज येते, पू होतो. लाकूड साध्या क्ष-किरण चित्रात बहुधा दिसत नाही. सीटी स्कॅनमध्येही ते कधी हवेसारखे काळे दिसून चकवते. म्हणून काय लागले, लाकूड की लोखंड, हे डॉक्टरांना नीट सांगा; जमले तर मोडका धोटा बरोबर न्या. लोखंडाचा संशय असेल तर तेही स्पष्ट सांगा, कारण अशा वेळी चुंबकाच्या, म्हणजे एमआरआय तपासणीने आतला तुकडा हलू शकतो.

मग त्या क्षणी करायचं काय? आधी, काय करू नये ते ऐका. रुतलेली वस्तू ओढून काढू नका. तिनेच एखादी रक्तवाहिनी दाबून धरलेली असेल. डोळा चोळू नका, दाबून पट्टी बांधू नका. तूप, दूध, एरंडेल यांतले काही घालू नका. नाक शिंकरू नका. फुटक्या भिंतीतून हवा आणि जंतू खोबणीत शिरतात.

आता करायचे ते. माणसाला बसवा किंवा डोके उंच ठेवून निजवा. कागदी पेला डोळ्यावर उपडा ठेवून चिकटवा. वस्तू बाहेर आलेली असेल तर पेल्याला भोक पाडा, पण वस्तूला धक्का लागू देऊ नका. पोटात अन्न-पाणी देऊ नका, कारण भूल द्यावी लागेल. आणि लगेच मोठ्या रुग्णालयात न्या. कोल्हापूर काही दूर नाही. धनुर्वाताच्या लशीची आठवण करा. दृष्टी अंधुक होणे, एकाचे दोन दिसणे, नाकातून पाण्यासारखा स्राव, उलटी, गुंगी, यांपैकी काहीही दिसले तर एक मिनिटही दवडू नका.

हे सारे झाल्यानंतरचे. त्याआधीची गोष्ट फार सोपी आहे. धोटा उडाला तरी अडवील अशी आडवी दांडी मागाला बसविता येते. धागा जोडताना अडचण होते म्हणून ती काढून ठेवू नका. जॉबरमंडळींनी छिन्नीवर हातोडा मारताना चष्मा घालावा. उडालेला लोखंडी कपचा डोळ्यात शिरताना फारसा दुखतही नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यातही डोळ्यांच्या रक्षणासाठी चष्मे आणि आडपडदे यांची तरतूद केलेली होती. मालकहो, दांडीचा खर्च कापडाच्या हिशेबात धरा.

तुटलेला धागा जोडता येतो. गेलेली नजर जोडून देणारा जॉबर अजून जन्माला यायचा आहे.