यादीत नाव नसलेली मुले
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या समारंभात आपल्या गुणवंत मुलामुलींचा गौरव झाला. त्या सर्वांचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो. कष्टाने यश मिळविणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवणे हे समाजाचे कर्तव्यच आहे, आणि आपले मंडळ ते आस्थेने पार पाडीत आले आहे. परंतु जी मुले आज या सभागृहात आली नाहीत, त्यांच्या वतीने दोन शब्द बोलावेत असे मला वाटते. कोणी गणितात अडले, कोणी इंग्रजीत, कोणी शाळाच सोडून बसले. तीही आपल्याच घरांतील मुले आहेत. मात्र त्यांचे नाव आपल्या कोणत्याच यादीत नसते.

विद्यार्थ्याला अभ्यासात मदत लागते, तशीच मनाला आधारही लागतो. या दोन गोष्टी निराळ्या आहेत असे आपण मानतो. शिक्षकाच्या दीर्घ व्यवसायात मला त्या निराळ्या दिसल्या नाहीत. मागच्या बाकावरील मुलाचा भागाकार चुकतो, तेव्हा त्याला भागाकार येत नसेल हे एक कारण झाले. कदाचित त्याला फळ्यावरचे अक्षरच दिसत नसेल. कदाचित पहाटे वर्तमानपत्रे टाकून आल्यामुळे त्याचे डोळे मिटत असतील. कदाचित त्याच्या गावाकडच्या बोलीची वर्गात थट्टा होत असेल आणि म्हणून तो शंकाच विचारीत नसेल. कारण निराळे, तसा उपायही निराळा. चष्म्याची उणीव शिकवणी लावून भरून निघत नाही.

नववीतील एका मुलीचे उदाहरण सांगतो. सहामाहीत ती एकाएकी मागे पडली. वर्गशिक्षिकेने तिला न रागावता एकान्तात विचारले, तेव्हा कळले की आई अंथरुणाला खिळली असून धाकट्या भावंडांचा स्वयंपाक करून ती शाळेत येते. शिक्षिकेने पहिल्या तासाला उशिरा येण्याची तिला मुभा मिळवून दिली, मैत्रिणीची वही देवविली, आणि मधल्या सुट्टीत अर्धा तास तिच्याजवळ बसण्याचा परिपाठ ठेवला. वार्षिक परीक्षेत ती उत्तीर्ण झाली. यात पैसा खर्च झाला नाही. कोणीतरी विचारले, एवढेच.

आपल्यासारख्या मंडळांना हे कार्य नवे नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले. त्यानंतर जैन, लिंगायत, मुसलमान आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील मुलांसाठीही तेथे वसतिगृहे उभी राहिली. शाळेची दारे उघडली तरी मुलाला राहण्या-जेवण्याची सोय नसेल, तर तो शिकू शकत नाही, हे महाराजांनी ओळखले होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका छपराखाली आणले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाचे छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. पण केवळ नावाने वसतिगृह चालत नाही. धान्य संपले तेव्हा कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले, मुलांना आईची माया दिली. तेथे शिकणाऱ्या मुलांना पुस्तकांइतकाच त्या मायेचाही आधार होता.

आज कायदाही हेच सांगतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास व त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले की, शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने निदान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, आणि गुणांवरून मुलांना चारचौघांत लज्जित करू नये. तथापि कागदावरचा समुपदेशक मुलापर्यंत पोहोचतो की नाही, हे पाहणारा पालक जागा असावा लागतो.

म्हणून मंडळापुढे तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली अशी की, दहावीचा निकाल बहुधा मे महिन्याच्या सुमारास लागतो आणि पुरवणी परीक्षा त्यानंतर अल्पावधीतच येते. आपला सत्कार-समारंभ होईपर्यंत ती वेळ निघून गेलेली असते. तेव्हा निकालाच्या आठवड्यातच अनुत्तीर्ण मुलांच्या घरी आपल्यापैकी कोणीतरी जावे. पेढे मागायला नव्हे, तर कोणता विषय राहिला आणि कोण शिकवील हे ठरवायला. दुसरी सूचना अशी की, आपल्यातील निवृत्त शिक्षक, अभियंते, बँकेतील अधिकारी यांनी प्रत्येकी एका मुलाचे वर्षभर पालकत्व घ्यावे. आठवड्यातून एक तास पुरे. त्या मुलाचा शेजारचा सोबती दुसऱ्या ज्ञातीचा असला, तर त्यालाही त्याच सतरंजीवर बसवावे. तिसरी सूचना अशी की, मूल अबोल झाले, जेवेनासे झाले, जगण्याचा कंटाळा बोलून दाखवू लागले, तर 'नाटक करतो' असे म्हणू नये. त्याला एकटे न सोडता शांतपणे विचारावे आणि तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे. शासनाची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या दूरध्वनी क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य उपलब्ध आहे. तेथे साहाय्य मागण्यात कुळाला कमीपणा नाही.

गुणवंतांची ढाल कपाटात शोभून दिसते, आणि ती शोभावी. परंतु मंडळाच्या वर्षभराच्या कार्याचा हिशेब मांडताना, किती मुले पडता पडता सावरली हाही एक रकाना अहवालात असावा, एवढीच माझी विनंती आहे. कार्यकारी मंडळाने पुढील सभेत तिचा विचार करावा.