पावसाची वही

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, ते आपण कुणीच विसरलेलो नाही. त्या उन्हाळ्यात आपल्या मुलांना काम काय होते? घागरी घेऊन रांगेत उभे राहायचे, आणि शाळेने सांगितले की ‘पाणी वाचवा’चे फलक घेऊन प्रभातफेरी काढायची. जे पोर दोन घागरींसाठी तासभर उभे राहते, त्याच्याच हातात तो फलक द्यावा, हे मला कधी पटले नाही.

कृषी खात्यातून निवृत्त झाल्यापासून मी दर शनिवारी आपल्या शाळेत जातो. मुले रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापक पाहून आकडा वहीत लिहितात. महिन्यातून एकदा विहिरीची पातळी मोजतो. दोरी मोठ्या माणसाने सोडायची, आकडा मुलांनी लिहायचा.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. छत २०० चौरस मीटरचे असेल, तर १० मिलिमीटरच्या सरीत त्यावर २,००० लिटर पडते. सातवीतल्या एका मुलीने हा गुणाकार केला आणि विचारले, “मग ते जातं कुठं?” पुढच्या महिन्यात छताला पन्हळ लागली. (सर, तुम्ही आम्हाला टाकी आणि नळांची गणिते पुष्कळ घातलीत, टाकी मात्र दाखवली नाहीत!)

वर्षाची बेरीज पाहिली तर पाऊस बरा झाला असे वाटते. रोजची वही उघडली की मधले कोरडे आठवडे दिसतात, आणि एका रात्रीत कोसळून वाहून गेलेला पाऊसही दिसतो. सोयाबीन बेरजेवर जगत नाही. शिवाय मंडळाच्या मापकावर पडलेला पाऊस आपल्या शिवारात पडलेलाच असतो असे नाही, हे पीकविम्यासाठी खेटे घातलेल्यांना मी काय सांगावे?

हिवरे बाजारला पडलेल्या पावसाचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि त्यावरून पिके ठरवतात. तिथे शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे. आपल्या मुलांनी गेल्या वर्षी विहिरीच्या पातळीचा तक्ता ग्रामसभेत मांडू द्या म्हणून विचारले, तर “पोरांनी अभ्यास करावा” असे उत्तर मिळाले. उत्तर देणाऱ्यांपैकी दोघे याच मांडवात बसले आहेत. नावे घेत नाही. दोघांच्याही रानात ऊस आहे.

अरे, तोच तर अभ्यास आहे! २०५० साली या शिवारात आपण नसू, ती मुले असतील. पाणी कुणी किती उपसावे, हे ठरताना त्यांनी बाहेर का थांबायचे?

मला शाळेसाठी देणगी नको. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर मुलांच्या तक्त्याला पंधरा मिनिटे हवीत. सरपंच आपल्याच तुकडीचे आहेत, समोरच बसले आहेत. तक्ता मी आणला आहे. जेवणे झाली की आपल्या जुन्या वर्गात फळ्यावर लावतो. मुलेही तिथे थांबणार आहेत, काय विचारायचे ते त्यांनाच विचारा.