'एच'वरून म्हणा! एका अक्षरात सापडणारी इंग्रजी गाणी

हेडफोन लावलेत ना? लोकलमध्ये असा, हॉस्टेलच्या गच्चीवर असा, नाहीतर घरी भांडी घासत असा, पुढची काही मिनिटं माझ्याबरोबर राहा. आज इंग्रजी गाण्यांबद्दल बोलायचंय. ती शोधायची एक अगदी साधी पद्धत सांगते.

आपण नवीन गाणी कशी शोधतो? खरं म्हणजे शोधतच नाही. ॲप पुढे करतं, आपण ऐकतो. एकदा एड शीरन ऐकला की त्याच्यासारखीच आणखी दहा गाणी रांगेत येऊन उभी राहतात. त्यात वाईट काही नाही. पण आपल्याला काय आवडतं हे ॲपला कळलंय, म्हणून ते त्याच गल्लीत आपल्याला फिरवत राहतं.

मग गल्ली बदलायची कशी? एक अक्षर घ्या. त्या अक्षराने सुरू होणारी गाणी ऐका. बस. अक्षराला तुमची आवड माहीत नसते. कोण प्रसिद्ध, कोण विसरलेलं, कोण गोरं, कोण काळं, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं.

आपल्याला हे नवीन नाहीच म्हणा. सहलीच्या बसमध्ये गाण्याच्या भेंड्या कोण खेळलं नाही? फक्त दोन फरक लक्षात ठेवा. भेंड्यांमध्ये आपण गाण्याचा पहिला शब्द धरतो, इथे नाव धरायचं. इंग्रजीत गाण्याचं नाव आणि पहिला शब्द यांचा संबंध असेलच असं नाही. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे शब्द त्या अख्ख्या गाण्यात कुठेच येत नाहीत! दुसरं म्हणजे, भेंड्या कानाने खेळतात आणि ही यादी स्पेलिंगवर चालते. बिली जोएलचं 'ऑनेस्टी' कानाला 'ऑ' वाटतं, पण बसतं 'एच'मध्ये. आणि हो, आपल्याकडे 'ळ' आला की बोंब, तसं त्यांचं 'एक्स'चं होतं. तिथे 'झॅनाडू'सारखं एखादं हाताशी असलं की जीव वाचतो.

तर आजचं अक्षर 'एच'. तीन नावं घेऊया.

पहिलं, 'हाउंड डॉग'. हे म्हटलं की एल्विस प्रेस्ली आठवतो. १९५६ सालचं त्याचं रेकॉर्डिंग अमेरिकेत ११ आठवडे पहिल्या नंबरवर होतं. पण यादीत त्याच नावाखाली आणखी एक आवाज दिसेल, बिग मामा थॉर्नटन. हे गाणं मुळात तिच्यासाठी लिहिलं गेलं. जेरी लायबर आणि माइक स्टोलर या दोन पोरांनी ते लिहिलं, दोघंही तेव्हा १९ वर्षांचे. तिने ते १९५२ मध्ये लॉस एंजेलिसला रेकॉर्ड केलं, १९५३ मध्ये ते बाजारात आलं आणि 'रिदम अँड ब्लूज'च्या यादीत ७ आठवडे पहिलं राहिलं.

आता दोन्ही लागोपाठ ऐका. थॉर्नटनच्या गाण्यात एक बाई आयतं खाणाऱ्या, फसवणाऱ्या पुरुषाला दारातून हाकलतेय. 'कुत्रा' म्हणजे तो पुरुष! एल्विसने जी आवृत्ती उचलली, ती लास व्हेगासमधल्या एका बँडची होती आणि तिच्यात शब्द बदललेले होते. त्यामुळे त्याच्या गाण्यात पुरुष गेला आणि खरोखरचा कुत्राच उरला. चाल जबरदस्त, नाच जबरदस्त, पण त्या बाईचा राग गायब. या गाण्याचे आपल्याला एकदाच ५०० डॉलर मिळाले, असं थॉर्नटन सांगायची. १९८४ मध्ये ती गेली. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये तिचं नाव लागायला २०२४ साल उजाडलं.

दुसरं, 'हर्ट'. ट्रेंट रेझनरने लिहिलं, त्याच्या नाइन इंच नेल्स बँडच्या १९९४ च्या अल्बममध्ये ते आलं. एका तरुण माणसाची घुसमट, मागे खरखरणारा, कर्कश आवाज. २००२ मध्ये तेच गाणं जॉनी कॅशने गायलं. वय ७०, तब्येत ढासळलेली. सुरुवातीला जवळपास फक्त गिटार आणि त्याचा थकलेला आवाज. शब्द जवळजवळ तेच, पण आता ते मागे वळून बघणाऱ्या म्हाताऱ्याचे वाटतात. व्हिडिओत त्याची बायको जून दिसते, त्याच्याकडे बघत उभी असलेली. मे २००३ मध्ये ती गेली आणि सप्टेंबरमध्ये तो. हे गाणं आता माझं राहिलं नाही, असं पुढे खुद्द रेझनरच म्हणाला.

तिसरं, 'हालेलूया'. या नावाखाली इतक्या आवृत्त्या आहेत की बोट दुखेल खाली सरकवून. मूळ गाणं लेनर्ड कोहेनचं, १९८४ चं. तो अल्बम त्याच्या रेकॉर्ड कंपनीने अमेरिकेत काढायलाच नकार दिला होता! १९९१ मध्ये जॉन केलने कोहेनकडून पानंच्या पानं कडवी मागवली, त्यातली निवडली आणि पियानोवर गायलं. ते ऐकून जेफ बकलीने १९९४ मध्ये स्वतःचं केलं. तीन वर्षांनी, वयाच्या तिसाव्या वर्षी, तो नदीत बुडून गेला. २००१ च्या 'श्रेक' चित्रपटात केलचा आवाज आहे, पण त्याच चित्रपटाच्या अल्बममध्ये रूफस वेनराइटचा! म्हणजे ज्याला आपण 'श्रेकमधलं गाणं' म्हणतो, ते नक्की कोणाचं?

माझा मुद्दा एवढाच आहे. ॲप बहुतेक वेळा सगळ्यात गाजलेली आवृत्ती आधी वाजवतं आणि आपण तिलाच मूळ समजतो. नावाने लावलेल्या यादीत मात्र एका नावाची सगळी गाणी शेजारी-शेजारी बसतात. एल्विसच्या शेजारी थॉर्नटन. गाणं कुठून निघालं, कोणाच्या हातातून गेलं, वाटेत काय सांडलं, हे कानांनाच कळतं. कोणी व्याख्यान द्यावं लागत नाही.

आता तुम्ही कसं करायचं? आठवड्याला एक अक्षर, २६ अक्षरं, म्हणजे सहा महिन्यांचं काम. प्रत्येक अक्षराची पाच गाणी निवडा. त्यातलं निदान एक तुमच्या जन्माच्या आधीचं हवं. नाव सापडलं की ते पुन्हा सर्चमध्ये टाका आणि दुसरं कोणी गायलंय का बघा. सालं तपासा, सगळ्यात जुनं आधी ऐका. फक्त गाण्याजवळ दिसणारं साल कधीकधी नव्याने काढलेल्या अल्बमचं असतं, तेवढं सांभाळा. नावाच्या सुरुवातीचं 'द' सोडून द्या, नाहीतर 'द हाउस ऑफ द रायझिंग सन' 'टी'मध्ये जाऊन बसेल आणि तुम्ही 'एच'मध्ये शोधत राहाल.

पुढच्या वेळी 'जे' घेऊया. डॉली पार्टनचं १९७३ चं 'जोलीन' मी आधीच पकडलंय, त्यामुळे ते सोडून पाठवा. तुमच्या पाच नावांची वाट बघते. चला, 'जे'वरून म्हणा!