आई जिवंत असलेली अनाथ मुलं

(अमरावती येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



अकोला जिल्ह्यातल्या एका खेड्याजवळच्या अनाथालयात मी मुलांची कौटुंबिक माहिती गोळा करायला गेले होते. नेमका त्याच दिवशी परदेशातल्या एका चर्चचा बारा जणांचा गट तिथे आला. पहाटे साडेचारला मुलांना उठवलं होतं. अंगण सारवलेलं, मुलींच्या वेण्यांना नव्या रिबिनी, स्वागतगीत महिनाभर घोटून घेतलेलं.

पाहुणे भले लोक होते, हे आधीच सांगते. त्यांच्यातल्या एक वयस्कर बाई मुलींच्या डोक्यातल्या जखमा स्वतः धूत बसल्या होत्या. बाकीच्यांनी तीन दिवस भिंतींना रंग दिला. (अकोल्यात रंगारी मिळत नाहीत का, हा प्रश्न मी गिळला.) निघताना तेही रडले, मुलीही रडल्या. सात वर्षांची एक मुलगी पुढे आठवडाभर शाळेतून आली की फाटकाशी जाऊन बसायची. पाहुण्यांच्या आयुष्यातले ते तीन दिवस होते. तिच्या दृष्टीने मात्र आणखी एक माणूस जीव लावून निघून गेलं होतं.

पण मला जे खटकलं ते वेगळंच. प्रत्येक मुलाचं एक कार्ड केलेलं होतं. त्यावर फोटो, नाव आणि खाली ‘आईवडील नाहीत’. पाहुणे ती कार्डं सोबत घेऊन गेले, तिकडे एकेका मुलाचा खर्च उचलणारं कुटुंब शोधायला. आणि माझ्या हातातल्या फाइलमध्ये त्याच मुलीच्या प्रवेश अर्जावर तिच्या आईचा अंगठा होता!

मी त्या आईकडे गेले. नवरा वारलेला, शेत दिराच्या नावावर, कापूस वेचणीची मजुरी, तीही हंगामापुरती. कार्डाबद्दल सांगितलं तेव्हा ती आधी हसली. मग म्हणाली, “अनाथ काहून लिवलं व बाई? मी जित्ती हाव ना!”

हा शब्द आपल्याकडे रुळला तो काळ आठवा. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत माणसं खरोखरच रस्त्यावर मेली. वऱ्हाडातही मिशनऱ्यांनी अनाथालयं उघडली. पंडिता रमाबाईंनी स्वतःचे आईवडील उपासमारीत गमावले होते. १८९७ साली त्या मध्य प्रांतात फिरल्या आणि तिथल्या सुमारे तीनशे मुली-बायकांना त्यांनी आणलं. १९०० च्या सुमारास केडगावच्या मुक्ती सदनात जवळजवळ दोन हजार जणी होत्या. पैसा अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियातून यायचा, पाहुणेही यायचे. पण त्यांना तिथे छापखाना चालवणाऱ्या मुली दिसत. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथल्याच बायकांनी जुळवलं, छापलं. दुष्काळात हाडं निघालेल्या मुलांचे फोटो छापून देणग्या मागायची रीतही त्याच काळातली. आज तसा दुष्काळ नाही. मागण्याची रीत मात्र राहिली आहे, आणि तिला अनाथ मूल लागतं. आई असलेलं मूल त्या कार्डावर बसत नाही.

खरोखर टाकून दिलेली मुलं नाहीत असं मी म्हणत नाही. परतवाड्याजवळच्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी शंभरावर बेवारस अपंग मुलांना स्वतःचं नाव दिलं आहे. त्या मुलांना दुसरं कोण होतं?

आणखी एक सांगते. माझं हे बोलणं उचलून उद्या कुणी चर्चवर दगड मारायला निघालं, तर मी त्यांच्यात नाही. पोराच्या वाढदिवसाला अनाथालयात केक कापायला जाणारे आपले डॉक्टर, पंधरा ऑगस्टला केळी वाटून फोटो काढणारे आपले पुढारी काय वेगळं करतात? केळं हातात द्यायचं आणि कॅमेऱ्याकडे बघायला सांगायचं!

बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे अशा मुलाची ओळख प्रसारमाध्यमांतून उघड करणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, असंही तोच कायदा सांगतो. मग पहिला उपाय कोणता? आपल्या राज्यात बालसंगोपन योजना आहे. एकट्या आईला मुलामागे महिना २२५० रुपये मिळू शकतात. भिंतीच्या रंगाला पैसे मिळतात, पण या अर्जासाठी आईला तहसीलच्या खेपा घालाव्या लागतात आणि प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडते. त्या बाईसोबत मी चार खेपा घातल्या. उत्पन्नाचा दाखला, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, बँकेचं खातं. मृत्यूच्या दाखल्यावर नाव चुकलेलं होतं, त्यातच महिना गेला.

तुमच्या गावाजवळ असं बालगृह असेल तर तिथे खाऊ घेऊन जाऊ नका. प्रवेशाचं रजिस्टर बघायला मागा. ते दाखवत नसतील तर जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे लेखी अर्ज करा. किती मुलांच्या आया हयात आहेत ते विचारा आणि त्या आयांच्या घरी जा.

ती मुलगी दिवाळीला घरी आली, ती आईजवळच राहिली. कार्ड मात्र कुठल्या तरी परदेशी घरात लावलेलं असेल. त्यावरचा मजकूर दुरुस्त करून कळवा, असं मी संस्थेला दोनदा लिहिलं आहे. तिसरं पत्र तिच्या आईच्या नावाने जाणार आहे.