जुनी गिटार पारखताना
जुनी ॲकूस्टिक गिटार घ्यायची, तर मध्यम आकाराचा विचार जरूर करा. अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीची ‘ट्रिपल ओ’ हे त्याचं नामांकित उदाहरण. खालचा घेर सुमारे 15 इंच रुंद, कंबर बारीक. ‘ड्रेडनॉट’ या थोराड आकाराच्या गिटारपेक्षा ती मांडीवर नीट बसते. खर्ज थोडा कमी, पण प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो.

आधी वय पाहा. मार्टिनने 1898 पासून अनुक्रमांक द्यायला सुरुवात केली. तो गिटारच्या आत, दांडीच्या बुडाशी असलेल्या ठोकळ्यावर असतो. वयावरून लाकडाचाही अंदाज येतो: मार्टिनच्या गिटारींत 1969 मध्ये ब्राझिलियन रोझवूडची जागा आपल्या भारतीय शिसवाने घेतली. त्या ब्राझिलियन लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 1992 पासून कडक निर्बंध आहेत. तेव्हा अशी गिटार परदेशातून आणताना परवाने तपासा.

मग दांडी. फ्रेटवर सरळ पट्टी ठेवा. तिचं टोक ब्रिजच्या माथ्यापाशी यायला हवं. बरंच खाली गेलं, तर दांडी काढून पुन्हा बसवावी लागेल, आणि हे काम महागडं असतं. 1985 पूर्वीच्या मार्टिनमध्ये किल्लीने दांडीचा बाक काढायची सोय नाही, हेही लक्षात ठेवा.

टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन आतल्या पट्ट्या सुटल्यात का, तेही पाहा. नीट जोडलेली जुनी भेग चालेल. सुटून वर आलेला ब्रिज असेल, तर ती गिटार मात्र दुरुस्तीचा खर्च धरूनच घ्या. आणि पैसे मोजण्यापूर्वी जाणकार कारागिराला गिटार एकदा दाखवाच.